ठिगळाचे वजा

बोगद्यात शिरण्याआधी ओरिन आत दगड टाकतो
आणि ऐकत राहतो.
टणकन वाजला तर उतरतो.
वाजलाच नाही, तर टोपी काढून बाहेर बसतो थोडा वेळ.
सिगारेट सुटून अकरा वर्षं झाली,
हात अजून खिशाकडे जातो.

नेवाडाच्या या डोंगरातली चांदी
आमच्या आजोबांच्या आधीच उपसून झाली.
आता माणसं खाली उतरतात ती चिंध्यांसाठी.

ही पँट भिंतीच्या फटीत होती,
वारा येऊ नये म्हणून कुणीतरी बोळा करून कोंबलेली.
उंदरांच्या लेंड्या, शिशासारखी माती,
मागे एकच खिसा, कंबर आवळायचा पट्टा,
तांब्याचे रिव्हेट हिरवे पडलेले.
ओरिनने ती उशीच्या अभ्र्यात घालून आणली,
गाडीत पुढच्या सीटवर, बेल्ट लावून.

मी त्याची बहीण. गावात माझी लाँड्री आहे,
नऊ मशिनं, त्यातली सात चालतात.
छत्तीस वर्षं मी लोकांचे डाग काढले:
ऑइल, रक्त, बाळांची ओकारी, लग्नातली वाइन.
आणि हा म्हणतो, हिला पाणी दाखवू नकोस.
डाग गेला की पैसे गेले.

हिरोनाका ओकायामाहून आला.
माझ्याच बेसिनमध्ये दोनदा हात धुतले,
घड्या घालायच्या टेबलावर पँट पसरली
आणि जुनं खरेदीखत वाचावं तसा वाकून वाचू लागला.
मांडीवर मेणाचे सात थेंब,
म्हणजे मेणबत्ती तिरकी धरायचा. अधिक.
उजव्या खिशाचं तोंड विरलेलं: घड्याळ असेल,
नाहीतर नुसती सवय. अधिक.
कापडाचा काठ शाबूत.
गुडघे पांढरेफटक. उभं राहण्याइतकी उंची नव्हती तिथे.
पुष्कळ अधिक.
डाव्या गुडघ्याला पिठाच्या पोत्याचं ठिगळ.
इथे त्याने पेन्सिल जिभेला लावली.
वजा.

म्हणाला, ठिगळाखाली निळा तसाच असेल,
गिरणीतून निघाल्या दिवशीचा.
उसवून देता? मग वजा नाही.
ओरिनने माझ्याकडे पाहिलं,
मग छताकडे, जिथे त्याला नवे पत्रे घालायचेत.

मी कात्री घेतली.
तोवर मला वाटत होतं, हे बायकोचं काम.
नाही. पुरुषाचा हात. जाड सुई, अपुरा उजेड.
काळा दोरा निम्म्यात संपला,
पुढे घोड्याच्या शेपटीचा केस.
गाठ बसेना म्हणून तीन गाठी.
एके ठिकाणी सुई बोटात गेली असावी,
मोहरीएवढा तपकिरी ठिपका.
हा डाग कसा काढायचा ते मला माहीत आहे:
गार पाणी, मीठ.

तीन टाके उसवले. कड उचलली.
निळा होता.
इतका, की खोलीतलं बाकी सगळं
धुऊन धुऊन विटलेलं वाटलं.
कुणी बघावा म्हणून त्याने झाकला नव्हता.
खडी टोचत होती, एवढंच.

मी सुई ओवली. हाताशी पांढरा पॉलिएस्टर होता,
तोच घातला, तीन टाके,
होते त्याच भोकांतून.
कुणी बोललं नाही. चार नंबरचं मशीन पिळायला लागलं
आणि टेबल थरथरलं.

हिरोनाकाने वहीत लिहिलं:
डावा गुडघा, तीन टाके, अलीकडचे.
ठिगळाचे चार हजार वजा, त्यावर आणखी दोनशे डॉलर.
मग माझं नाव विचारलं, स्पेलिंगसकट,
आणि तेही लिहून घेतलं.
कोणत्या रकान्यात, ते दिसलं नाही.

रात्री ओरिन ताट सरकवत म्हणाला,
टाक्याला सहासष्ट पडले. गावात इतकं महाग
कुणी शिवलेलं नाही.
मी म्हटलं, शंभर वर्षं थांब.